लाल गोळीत लोहाशिवाय काय असतं?

आज आम्ही एका गोळीची गोष्ट सांगणार आहोत. गरोदरपणात आशाताई जी लाल गोळी हातावर ठेवतात, तीच. आपण तिला रक्ताची गोळी म्हणतो, नाहीतर लोहाची गोळी म्हणतो. पाकीट उलटं करून बघितलंत, तर मागे बारीक अक्षरांत दोन वस्तूंची नावं दिसतील. लोह ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. म्हणजे ही दुसरी वस्तू फक्त अर्धा मिलिग्रॅम, मिठाच्या मोजक्या दाण्यांइतकी. एवढीशी वस्तू तिथे कशाला घातली, हा प्रश्न आम्हाला कित्येक वर्षं पडलाच नव्हता. तो पडला आमच्या गटातल्या एका मैत्रिणीमुळे. तिच्या परवानगीने सांगतो, नाव मात्र सांगत नाही.

तिला तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.२ निघालं. लाल गोळीने मळमळतं म्हणून तिच्या नवऱ्याने तालुक्याहून दुसऱ्या गोळ्या आणल्या, नुसत्या लोहाच्या. तिने त्या इमानाने खाल्ल्या. सासूबाई रोज रात्री विचारायच्या, ती समोर बसून गोळी घ्यायची. सहाव्या महिन्यात पुन्हा तपासलं तर ८.४. जिथे तपासणी होती तिथे तिला चार बायकांसमोर ऐकवलं गेलं, 'गोळ्या फेकून देता आणि मग रक्त नाही म्हणून येता.' ती घरी येऊन रडली. आम्ही तरी काय करणार? आमच्यापैकी दोघींनाही मनातून वाटलं होतं की ही खोटं बोलत असावी. हे कबूल केलेलं बरं.

ती खोटं बोलत नव्हती. पण ते कळण्याआधी रक्त म्हणजे काय ते थोडं बघू, म्हणजे पुढची गोष्ट नीट लागेल.

रक्त गोठू न देता काचेच्या नळीत उभं करून ठेवलं, तर ते ताकासारखं निवळतं. वर पिवळसर पाणी आणि खाली लाल साका. वरच्या पाण्याला प्लाझ्मा म्हणतात, मराठीत रक्तद्रव. रक्तात त्याचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त, साधारण ५५ टक्के. त्यात दहातले नऊ भाग पाणीच असतं. उरलेल्या एका भागात प्रथिनं, क्षार, साखर, पोटातून शोषलेलं अन्न आणि शरीराच्या एका भागाचे निरोप दुसऱ्या भागाला पोचवणारी संप्रेरकं. पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारं अल्ब्युमिन तिथेच असतं, जखम झाली की रक्त गोठवणारं फायब्रिनोजनही तिथेच. आणि लोह? ते प्लाझ्मात मोकळं हिंडत नाही. त्याला वाहून नेणारं एक खास प्रथिन आहे, ते लोहाला उचलून हाडांच्या मगजापर्यंत पोचवतं.

खालचा लाल साका म्हणजे तांबड्या पेशी. सुईच्या टोकाएवढ्या, म्हणजे एक घन मिलिमीटर रक्तात, बाईच्या अंगात त्या साधारण ४० ते ५० लाख असतात. आकार चपटा, मधे दोन्ही बाजूंनी दाबलेला. त्यामुळे त्या लवचीक असतात आणि केसाहून बारीक वाहिनीतूनही वाकून निघून जातात. त्यांच्यात केंद्रक नसतं, सगळी जागा हिमोग्लोबिनला दिलेली. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू आणि प्रत्येक अणू प्राणवायूचा एक रेणू धरतो. फुप्फुसात धरायचा, बोटाच्या टोकाशी, मेंदूत, गर्भाच्या वारेशी नेऊन सोडायचा. अशी एक पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या मोडतात, त्यांतलं लोह शरीर जपून परत वापरतं आणि हाडांच्या मगजात नव्या पेशी तयार होत राहतात, दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त. तुम्ही हा कार्यक्रम ऐकताय तेवढ्यात किती झाल्या असतील, गणित करून बघा.

गरोदरपणात या दोघांचं प्रमाण बदलतं. प्लाझ्मा जवळपास निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात. म्हणजे आमटीत पाणी वाढवलं पण डाळ त्या हिशेबाने घातली नाही, असं होतं. म्हणूनच एरवी बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं तर रक्तक्षय म्हणतात, पण गरोदर बाईला ११ ची रेघ धरतात. थोडं पातळ होणं निसर्गाचंच आहे. ८ होणं निसर्गाचं नाही.

लोहाचा आणि रक्ताचा संबंध जुनाच माहीत होता. आपल्या आयुर्वेदात पांडुरोगावर लोहाची औषधं सांगितली आहेत. युरोपात अठराव्या शतकात रक्त जाळून त्याच्या राखेत लोह सापडलं, १८३२ मध्ये ब्लो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने फिकट पडलेल्या मुलींसाठी लोहाच्या गोळ्या केल्या आणि त्या पुढे शंभर वर्षं खपल्या. तेव्हा रक्त कमी म्हटलं की लोह द्या, हा हिशेब सगळीकडे पक्का बसला होता. तो हिशेब जिथे चुकला, ती जागा आपली मुंबई.

१९२८ साल. गिरणगावात त्या वर्षी मोठा संप झाला, जवळपास सहा महिने गिरण्या बंद होत्या. त्याच वर्षी मुंबईच्या कायदे मंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणात रजा आणि भत्ता द्यावा की नाही यावर वाद चालू होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे त्या मागणीच्या बाजूने भाषण केलं आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. रिळावर, कांड्यांवर काम करणाऱ्या या बायका बाळंतपणात मरत होत्या. त्यांतल्या काहींना एक विचित्र आजार व्हायचा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्या पांढऱ्याफटक पडायच्या, अंगावर सूज यायची, जीभ सोलल्यासारखी व्हायची, अन्न नकोसं व्हायचं. लोह देऊन उपयोग व्हायचा नाही. डॉक्टर त्याला गरोदरपणातला घातक रक्तक्षय म्हणायचे.

माता का मरतात याची चौकशी तेव्हा परळच्या हाफकिन संस्थेत सुरू झाली होती. डॉ. मार्गारेट बाल्फर नावाच्या बाई त्यात होत्या, हिंदुस्थानातल्या बायकांच्या दवाखान्यांत त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी लंडनहून एका डॉक्टरीण बाईंना बोलावलं. त्यांचं नाव लुसी विल्स. आम्ही त्यांना विल्सबाईच म्हणणार, आपल्याकडे शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

विल्सबाईंचा जन्म १८८८ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, परीक्षा पास झाल्या, पण पदवी मिळाली नाही. कारण केंब्रिज विद्यापीठ बायकांना पदवी देतच नव्हतं, १९४८ पर्यंत दिली नाही. (आम्ही बी.ए.चं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलंय, ते बघून हसणाऱ्यांनी हे ऐकावं.) पहिल्या महायुद्धात त्यांनी दक्षिण आफ्रिकेत रुग्णसेवा केली, तिथून परतल्यावर लंडनच्या बायकांसाठीच्या वैद्यकीय शाळेत शिकून १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर झाल्या. मुंबईत आल्या तेव्हा चाळीस वर्षांच्या होत्या. लग्न केलं नव्हतं.

त्यांनी काय केलं, हे आम्हाला फार आवडतं. आधी त्यांनी जंतू शोधले, आजाऱ्यांच्या पोटात काही वेगळं आहे का ते पाहिलं. तसं काही हाती लागलं नाही. मग त्यांनी बायका काय खातात ते विचारलं. वेगवेगळ्या जातीधर्मांच्या, वेगवेगळ्या ऐपतीच्या बायकांच्या जेवणाची आणि राहणीची पाहणी केली. त्या काळच्या त्यांच्या लेखांवर त्यांच्या नावाशेजारी तळपदे आणि मेहता ही इथलीच नावं दिसतात. या इथल्या सहकाऱ्यांशिवाय परक्या बाईला घरातल्या डब्यांची झाकणं कोणी उघडू दिली असती? पाहणीत दिसलं ते असं: गरीब मुसलमान बायकांचं जेवण सगळ्यांत निकस होतं आणि हा आजारही त्यांनाच सगळ्यांत जास्त होत होता.

म्हणजे अन्नात काहीतरी कमी पडतंय. पण काय?

१९२९ मध्ये त्या काही महिने कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत गेल्या. तिथे उंदरांना तसंच निकस जेवण दिलं. उंदरांचं रक्त कमी झालं, यीस्ट दिल्यावर ते टळलं. मुंबईत आनंदीआनंद व्हायचा, पण पुढे कळलं की उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि रक्त कमी होण्यात त्या उवांनी पसरवलेल्या आजाराचा हात होता. सगळी मेहनत संशयात. दुसरं कोणी असतं तर बोजाबिस्तरा आवरून बोटीत बसलं असतं. बाईंनी माकडं आणली आणि मुंबईच्या बायका खात तसंच जेवण त्यांना दिलं. माकडांनाही तोच आजार झाला, तशाच मोठ्या मोठ्या पेशींचा. आणि मग एका आजारी माकडाला त्यांनी मार्माइट दिलं.

मार्माइट म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात तो काळा, खारट, चिकट पदार्थ. बिअर गाळून खाली जे यीस्ट उरतं त्याचा अर्क. आपल्या लेखी गाळच. तो खाऊन माकड सुधारलं. मग तो बायकांना दिला. चारएक दिवसांत त्यांना भूक लागायला लागली आणि रक्तात नव्या कोवळ्या पेशी दिसायला लागल्या. १९३१ मध्ये विल्सबाईंनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं.

ही गोष्ट केवढी मोठी, हे कळायला तेव्हाचं दुसरं औषध बघायला हवं. १९२६ मध्ये अमेरिकेत मिनो आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवलं होतं की घातक रक्तक्षयाच्या रुग्णाला रोज पाव किलोच्या आसपास काळीज खायला दिलं तर तो वाचतो. त्यांना आणि व्हिपल यांना १९३४ मध्ये नोबेल मिळालं. पण गिरणीतल्या बाईने रोज पाव किलो काळीज कुठून आणायचं? घरात कोणी आणलंच, तर ते तिच्या ताटात पडणार होतं का? आणि जी मांसाला हातच लावत नाही तिचं काय? यीस्टचा अर्क स्वस्त होता आणि कोणाच्याही सोवळ्याओवळ्यात बसत होता. विल्सबाईंना नोबेल मिळालं नाही.

आता हा आजार कसा होतो ते सांगतो. हाडांच्या मगजात तांबडी पेशी तयार होते ती आधीची पेशी दुभंगून. दुभंगण्याआधी पेशीला आपल्या आतल्या गुणसूत्रांची नक्कल करावी लागते, कारण दोन्ही लेकींना सारखा वारसा द्यायचा असतो. या नकलेसाठी जी वस्तू लागते तिच्यावाचून पेशी वाढत राहते, फुगत राहते, पण दुभंगू शकत नाही. मग मोजक्याच, मोठमोठ्या, दुबळ्या पेशी रक्तात येतात आणि लवकर मोडतात. लोह कमी असेल तर याच्या उलट, पेशी लहान आणि फिकट होतात. विल्सबाई रक्ताचा थेंब पातळ करून, आखलेल्या काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजायच्या, आणि काचेवर रक्त पसरून त्यांचा आकार बघायच्या. आज ते काम यंत्र मिनिटभरात करतं. मात्र एक गोम आहे. बाईला दोन्हींची उणीव असेल, तर लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी मधोमध येते आणि कागदावर सगळं ठीक दिसतं.

यीस्टमधली ती वस्तू कोणती, हे बाईंनाही माहीत नव्हतं. लोक तिला विल्स फॅक्टर म्हणायचे. १९३७ मध्ये त्यांनी आणि बार्बरा इव्हान्स यांनी आणखी एक बारकावा पकडला. काळजाचा कच्चा अर्क या बायकांना बरं करतो, पण तोच अर्क खूप शुद्ध केला की करत नाही, जरी तो दुसऱ्या घातक रक्तक्षयावर चालतो. याचा अर्थ काळजात दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनला आल्या, या वेळी विमानाने. पाण्यावर उतरणारं विमान होतं आणि इंग्लंडहून कराचीला यायला पाच दिवस लागले.

१९४१ मध्ये टेक्सासमध्ये शास्त्रज्ञांनी चार टन पालक उकळून, गाळून त्यातून एक चिमूट वस्तू वेगळी काढली. पानातून निघाली म्हणून पानाला असलेल्या लॅटिन शब्दावरून नाव ठेवलं, फॉलिक ॲसिड. विल्सबाईंच्या यीस्टमध्ये होतं ते हेच. चार टन पालक म्हणजे आमच्या बाजारातल्या सगळ्या भाजीवाल्यांचा किती दिवसांचा माल, ते आम्ही मोजायचा नाद सोडला.

पालकातून काढून जगाला पुरणार नव्हतं, ते कारखान्यात तयार व्हायला हवं होतं. ते केलं अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेने, १९४५ मध्ये, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. तरुणपणी त्यांचे दोन भाऊ स्प्रू नावाच्या आजाराने दगावले होते, त्यात आतडी अन्न शोषत नाहीत आणि रक्तही जातं. त्यांना स्वतःलाही तो झाला होता. त्याच आजारावर पुढे फॉलिक ॲसिड चाललं. काळजातली दुसरी वस्तू १९४८ मध्ये सापडली, ती म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व.

विल्सबाई १९६४ मध्ये वारल्या. १९७० मध्ये आपल्या सरकारने गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिड एकत्र द्यायची योजना सुरू केली. तीच आज आपल्या हातावरची लाल गोळी. तिचा आणखी एक उपयोग नंतर कळला. इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवलं की गरोदर राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर बाळाच्या मज्जारज्जूत राहणारं व्यंग बरंचसं टळतं. गर्भाचा तो भाग पहिल्या महिन्यातच बनतो, पाळी चुकल्याचं आपल्याला कळेपर्यंत. म्हणून लग्न ठरलेल्या मुलीने नाव नोंदवायची वाट बघू नये.

एवढं सगळं होऊनही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरात ५४ जणींना रक्तक्षय होता. देशात ५७. गोळीने बाळ काळं होतं, बाळ फार मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, असं आजही आम्हाला ऐकवलं जातं. काळी होते ती शौच, न शोषलेल्या लोहामुळे. बाळाच्या रंगाशी तिचं काही नातं नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. पण दोष दरवेळी बाईच्या समजुतीचाच असतो, हेही आम्हाला पटत नाही.

आमच्या मैत्रिणीकडे परत येतो. आम्ही तिला दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्ताची पूर्ण तपासणी केली. पेशींचा सरासरी आकार हवा होता ८० ते १००, निघाला १०८. मोठ्या पेशी. म्हणजे तिला लोह पोचत होतं, पण पेशी दुभंगत नव्हत्या. आणखी तपासल्यावर फॉलिक ॲसिडही कमी निघालं आणि ब-१२ ही. डॉक्टरबाईंनी हे बरं केलं की दोन्ही तपासली, कारण ब-१२ ची उणीव असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसा खराब होत राहतात. हातापायांना मुंग्या येत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मग डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, काय खातेस? तिने सांगितलं. भाकरी, चटणी, आमटीचं पाणी, दिवसातून चार वेळा चहा. घर शाकाहारी. दारात दोन गायी आहेत. ब-१२ पालेभाजीत नसतं, शाकाहारी माणसाला ते दूधदह्यातूनच मिळतं. आणि दूध? सकाळ-संध्याकाळचं सगळं दूध डेअरीला जातं, चहापुरतं ठेवून. मेथी, चवळई, शेपू परसात होते, आठवडी बाजारात जात होते. घरात कधी भाजी झालीच तर तासभर शिजवून पाणी ओतून दिलं जायचं, आणि फॉलिक ॲसिड त्या पाण्याबरोबरच निघून जातं.

त्या दुधाच्या पैशांतून आमच्या गटाचा हप्ता भरला जातो, हे आम्हाला माहीत होतं. तिचा हप्ता कधी चुकत नाही म्हणून आम्ही बैठकीत तिचं कौतुकही केलं होतं.

तिला ब-१२ ची इंजेक्शनं, फॉलिक ॲसिड आणि लाल गोळी असं सुरू झालं. आठवडाभरात भूक लागायला लागली. आठव्या महिन्याच्या अखेरीस हिमोग्लोबिन १०.६ होतं. तालुक्याला नीट बाळंत झाली, मुलगी आहे. आता सकाळच्या दुधातलं अर्धा लिटर घरात राहतं, त्याबद्दल सासूबाईंशी बोलायला आम्ही तिघी गेलो होतो आणि दुसऱ्या खेपेला त्या तयार झाल्या. हप्ता तीन महिने निम्मा घ्यायचा ठराव गटाने केला. बैठकीच्या रजिस्टरमध्ये आता बचत, कर्ज आणि परतफेडीच्या पुढे एक रकाना वाढला आहे, हिमोग्लोबिनचा. त्याच्या शेजारी एक लहान रकाना पेशींच्या आकारासाठी आखून ठेवला आहे, अजून त्यात सातच आकडे आहेत.